थंडी खरी होती

यंदाच्या फेस्टचं पोस्टर तुम्ही पाहिलंच असेल. न पाहून जाता कुठे? मेसच्या दारावर, लायब्ररीच्या काचेवर, बॉईज हॉस्टेलच्या जिन्यात, झेरॉक्सवाल्या काकांच्या मशीनवरसुद्धा तेच होतं. आपला कॉलेजचा बँड बर्फाच्या शिखरावर उभा, मागे वीज कडाडतेय, चौघांच्या अंगात काळी लेदर जॅकेट्स आणि केस वाऱ्यावर. आता या चौघांपैकी तिघांनी आयुष्यात बर्फ पाहिलाय तो फक्त उसाच्या रसात. चौथा एकदा मनालीला गेला होता, पण तेव्हा तो यूकेजीत होता.

तो फोटो काढलेला नव्हता, बनवलेला होता. चौघांचे सेल्फी घेतले, एआयला दिले, वर दोन ओळी टाईप केल्या, पाच मिनिटांत पोस्टर हजर. खर्च शून्य, परमिशन शून्य, घाम शून्य. कमिटी खूश. आमचा फोटोग्राफी क्लब मात्र हातात कॅमेरा घेऊन बघत बसला.

मी त्याच क्लबमध्ये आहे, तेव्हा मी तटस्थ वगैरे अजिबात नाही हे आधीच सांगून टाकते. शिवाय मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी आईशी भांडण्यापुरतं बरं आहे, ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने बघून घ्यावं. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण कमिटीशी यावर वाद झाला तोही मराठीतच, आणि बऱ्यापैकी मोठ्या आवाजात.

वादात कमिटीच्या एका सीनियरने जो मुद्दा काढला तो मला रात्रभर छळत होता. तो म्हणाला, "अगं, रॉक बँडचे फोटो असेही खोटेच असतात. ते काय खरंच रस्त्यात उभे असतात का? पोज देतात. कपडे ठरवून घालतात. मग एआयने केलं तर बिघडलं कुठे?"

मुद्दा चांगला आहे. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. (व्हायवात आणि वादात मला उत्तर नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं.) नंतर सुचलं ते हे, आणि त्यासाठी मला तुम्हाला थोडं लांब, अमेरिकेतल्या वाळवंटात न्यावं लागेल.

यू-टू हा आयरिश बँड तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत असेल. चौघं जण: बोनो, द एज, अ‍ॅडम क्लेटन, लॅरी मलन. मार्च १९८७ मध्ये त्यांचा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम आला आणि १९८८ च्या ग्रॅमीत त्याला अल्बम ऑफ द इयर मिळालं. गाणी तुम्ही ऐका, त्यावर मी बोलणार नाही. मी बोलणार आहे ते कव्हरबद्दल. काळी चौकट, मधे आडवा ब्लॅक अँड व्हाईट फोटो, मागे ओसाड टेकड्या आणि एका कडेला हे चौघं उभे. एकही जण हसत नाही. चेहरे असे, की जणू नुकताच रिझल्ट लागलाय आणि चौघांचाही मॅथ्स-थ्री राहिलाय.

हा फोटो काढला अँटन कॉर्बाइन या डच फोटोग्राफरने. डिसेंबर १९८६ मध्ये बँड, कॉर्बाइन आणि डिझायनर स्टीव्ह अ‍ॅव्हरिल अशी मंडळी नेवाडा राज्यातल्या रीनो गावात जमली आणि तिथून बसने तीन दिवस मोहावी वाळवंटाच्या भागात भटकली. राहायचं छोट्या छोट्या हॉटेलांत, दिसेल तिथे थांबायचं, फोटो काढायचे. सुरुवात बोडी नावाच्या ओसाड गावापासून. हे एके काळी सोन्याच्या खाणीचं गाव होतं, आता तिथे कुणीच राहत नाही. मग पुढे डेथ व्हॅली, झब्रिस्की पॉइंट. कव्हरचा फोटो या झब्रिस्की पॉइंटवरचा.

डेथ व्हॅली म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? ऊन! तेही बरोबर आहे. जगातलं आजवर नोंदलेलं हवेचं सगळ्यात जास्त तापमान तिथलंच, १० जुलै १९१३ चं, ५६.७ अंश सेल्सिअस. आपलं सोलापूर चव्वेचाळीसला पोचलं की आपण मेसमध्ये जेवण सोडतो, इथे त्यावर आणखी बारा अंश चढवा. पण हे सगळं उन्हाळ्याचं. शूट होतं डिसेंबरमध्ये, आणि डिसेंबरात वाळवंटात थंडी असते. बोडी तर अडीच हजार मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट. सगळे कुडकुडत होते. आता वाळवंटाचा फोटो, आणि त्यात चार माणसं गळ्यापर्यंत कोट घालून उभी, हे दिसणार कसं? वाळवंट वाटायला तर पाहिजे! म्हणून त्यांनी कोट काढून ठेवले आणि तसेच उभे राहिले. बोनोने पुढे स्वतःच सांगितलंय की आम्ही त्या फोटोंत एवढे गंभीर दिसतो त्याचं एक कारण हेच, की आम्ही गारठलो होतो.

म्हणजे बघा गंमत. आमच्या सीनियरचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तो फोटो खोटाच आहे! उन्हाचा देखावा केला थंडीत. पोज दिली, कपडे ठरवले, कोट कॅमेऱ्यामागे लपवले. पण चेहऱ्यावर जे उतरलं ते मात्र खरं होतं. जगभरातल्या लोकांनी ते चेहरे बघून म्हटलं, काय गंभीर माणसं आहेत, काय आध्यात्मिक नजर आहे. खांदे आवळलेले, जबडे घट्ट. खरी गोष्ट एवढीच की चार माणसांना थंडी वाजत होती. तुम्ही एखाद्याला "जरा सीरियस चेहरा कर" म्हणून बघा. तो भुवया वर करेल, गाल आत ओढेल, आणि आधार कार्डावरच्या फोटोसारखा दिसेल. थंडीला असं काही सांगावं लागत नाही, ती आपोआप चेहऱ्यावर येते.

हे माझं कमिटीला उत्तर आहे. कठीण जागी बँडला नेऊन उभं करायचं ते मागचा डोंगर मिळावा म्हणून नाही. डोंगर स्टुडिओतसुद्धा पडद्यावर रंगवता येतो, पूर्वी जत्रेत रंगवायचेच. बँडला तिथे न्यायचं, कारण ती जागा त्या माणसांना काहीतरी करते. एआय डोंगर देतो, वीज देतो, जॅकेट देतो. थंडी वाजलेला माणूस देत नाही, कारण थंडी कुणालाच वाजलेली नसते.

आता जरा टेक्निकल. (मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, इलेक्ट्रॉनिक्सवाले असेही सोडतातच.) कॉर्बाइनला बँड आणि लांबलचक क्षितिज दोन्ही एका फ्रेममध्ये हवं होतं, म्हणून त्याने पॅनोरमिक कॅमेरा भाड्याने घेतला. असा कॅमेरा त्याने आधी फारसा हाताळलेला नव्हता. झालं असं की फोकस गेला मागच्या टेकड्यांवर, आणि पुढे उभी असलेली माणसं थोडी सॉफ्ट आली. हे का होतं? आडव्या लांब फ्रेमसाठी फिल्मचा आकार मोठा, त्यामुळे तेवढाच देखावा घ्यायला लेन्सची फोकल लेंग्थ मोठी, आणि ती मोठी झाली की जवळचं आणि लांबचं दोन्ही एकदम शार्प ठेवणं अवघड जातं. त्यावर उपाय एकच, अ‍ॅपर्चर बारीक करा. पण बारीक अ‍ॅपर्चरला उजेड भरपूर लागतो. तो त्या दिवशी होता, म्हणून निभावलं, असं कॉर्बाइननेही नंतर सांगितलंय. आणि फिल्मचा जमाना! मागच्या स्क्रीनवर झूम करून बघायची सोय नाही. रोल धुऊन येईपर्यंत कळणारच नाही की जगातला सगळ्यात मोठा होऊ घातलेला बँड तुम्ही किंचित धूसर काढलाय.

आमच्या क्लबमध्ये असा फोटो कुणी आणला असता तर आम्ही त्याला उभं-आडवं घेतलं असतं. "फोकस कुठेय रे?" म्हणून. तरी तोच फोटो कव्हरवर गेला. मला वाटतं त्या धूसरपणाने फोटोचं फार बिघडलं नाही. उलट ती टेकडी ठाम आणि माणसं पुसट, हे त्या जागेला शोभतं. अर्थात हे मी आता म्हणतेय. त्या वेळी लॅबच्या बाहेर त्याच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल ते तोच जाणे.

त्याच प्रवासातली दुसरी गोष्ट, झाडाची. जोशुआ ट्री हा युकाच्या जातीचा प्रकार. वेड्यावाकड्या फांद्या, टोकाला टोचऱ्या पानांचे झुबके. हात वर करून प्रार्थना करणाऱ्या जोशुआसारखं दिसतं म्हणून मॉर्मन लोकांनी हे नाव ठेवलं असं सांगतात. कॉर्बाइनने एका संध्याकाळी बोनोला या झाडाबद्दल सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोनो बायबल घेऊनच खाली आला आणि अल्बमचं नावच ठरून गेलं. ही झाडं सहसा घोळक्याने उगवतात. कॉर्बाइनला मात्र एकटं झाड हवं होतं, कारण घोळक्यात उभं केलं तर बँड त्यातच हरवणार. आणि बसमधून जाताना, डार्विन नावाच्या वस्तीजवळ, हायवेच्या कडेला असं एक झाड दिसलं. बस थांबवली. साधारण वीस मिनिटं फोटो काढले. संपलं. पुन्हा बसमध्ये.

वीस मिनिटं! आमच्याकडे ग्रुप फोटोसाठी सगळ्यांना एका पायरीवर उभं करायला याहून जास्त वेळ लागतो. पण लक्षात घ्या, ही वीस मिनिटं मिळाली कारण आधी दिवसच्या दिवस ते लोक बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले होते. घरी बसून ते झाड सापडलं नसतं. ते झाड आता नाहीये, २००० च्या सुमाराला ते आडवं झालं. तरी लोक अजून त्या जागी जातात, वस्तू ठेवून येतात. पुष्कळ जण तर जोशुआ ट्री नावाच्या नॅशनल पार्कात जाऊन शोधतात, आणि ते पार्क तिथून कितीतरी लांब आहे.

थंडीची एक उलट गोष्ट पण आहे. ३० जानेवारी १९६९, लंडन. बीटल्स त्यांच्या सॅव्हिल रोवरच्या ऑफिसच्या गच्चीवर चढून वाजवत होते, सुमारे बेचाळीस मिनिटं, पोलीस येईपर्यंत. भर हिवाळा आणि गच्चीवरचा वारा. जॉन लेननने योको ओनोचा फरकोट घातला होता, रिंगो स्टारने बायकोचा लाल रेनकोट. तरी लेननची बोटं इतकी गारठली की कॉर्ड धरणं अवघड झालं. इथे कुणी कोट काढा म्हटलं नाही. बायकांचे कोट घालून जगातला सगळ्यात प्रसिद्ध बँड उभा आहे, आणि तेच आज लोकांच्या लक्षात आहे. सांगायचा मुद्दा, कोट घाला की काढा याचा नियम नाही. फक्त हवा खरी पाहिजे. कॉस्च्युम कमिटीने बसून "रिंगोला लाल रेनकोट द्या" असं ठरवलं नसतं.

पिंक फ्लॉइड १९७१ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या रिकाम्या प्राचीन अ‍ॅम्फिथिएटरात वाजवायला गेले, तेव्हा तिथे वीजच पुरेना. गावातून लांबलचक केबल ओढून आणावी लागली. (गॅदरिंगला बॉईज हॉस्टेलच्या तळमजल्यावरून केबल ओढणाऱ्या इलेक्ट्रिकलच्या मंडळींनी हे कॉलर ताठ करून वाचावं.) मेटालिका तर डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकात वाजवून आले. तिथल्या पर्यावरणाला त्रास नको म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा दणदणाट नाही, एका पारदर्शक घुमटात बँड आणि शंभर-सव्वाशे माणसं कानाला हेडफोन लावून ऐकतायत. हेवी मेटल, तेही हेडफोनवर! पण फोटो बघा, आतली माणसं एकमेकांना चिकटून उभी आहेत आणि बाहेर सगळं पांढरं.

यू-टू भारतात एकदा येऊन गेले. १५ डिसेंबर २०१९, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. याच अल्बमच्या टूरचा तो शेवटचा शो होता. मी तेव्हा शाळेत. माझा चुलतभाऊ गेला होता. परत आल्यावर तो गाण्यांबद्दल कमी आणि मागच्या स्क्रीनबद्दल जास्त बोलत होता. स्टेजमागे भिंतीएवढा पडदा, त्यावर वाळवंट, रस्ता, झाड, आणि पुढे चौघं जण मुंगीएवढे. ती दृश्यंही कॉर्बाइननेच चित्रित केलेली. तीस वर्षांपूर्वी ज्या वाळवंटात कुडकुडत फोटो काढले तेच वाळवंट नेरूळला लोकांनी घामाघूम होऊन बघितलं. दादा म्हणाला, "डिसेंबर असून शर्ट पिळून काढला." आमची मुंबई!

असो. परत आपल्या पोस्टरकडे.

त्या पोस्टरवर बासला सहा चाव्या आहेत. आपल्या बासिस्टची बास चार तारांची. हे एक हसण्यावारी नेता येईल. दुसरी गोष्ट नाही नेता येत. आपल्या बँडची गायिका माझी रूममेट आहे. ती सावळी आहे. पोस्टरवर ती गोरी आहे. थोडीशी नाही, चांगली दोन-तीन शेड. नाकही बारीक झालंय. असं करा म्हणून कुणी टाईप केलं नव्हतं. कमिटीने मला त्या दोन ओळी दाखवल्या, त्यात रंगाचा उल्लेखच नाही. ते त्याने आपल्या मनाने केलं, आणि कमिटीत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर घरी गेलं तेव्हा तिच्या मावशीचा मेसेज आला, "किती छान दिसतेस गं यात." 'यात'. ती काही बोलली नाही. फोन उलटा ठेवला आणि जर्नल लिहायला बसली. मी तिला दोन वर्षं ओळखते, ती जर्नल कधीच वेळेवर लिहीत नाही.

म्हणून मला "खर्च शून्य" हे मान्य नाही. खर्च झालाच, फक्त कमिटीच्या वहीत लिहिला गेला नाही.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही याच बँडचे फोटो वर्कशॉपच्या मागे, जुन्या फाउंड्रीच्या पत्र्याच्या शेडजवळ काढले होते. दुपारी चार वाजता, बेचाळीस अंशात. कारण त्या दिवशी चारच वाजता चौघांचं लेक्चर संपत होतं, दुसरं काही कलात्मक कारण नाही. उन्हात गिटारचं ट्यूनिंग टिकेना, तारा तापून सैल पडत होत्या. ड्रमरच्या हातातून घामाने काठी सटकत होती. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर उजेडात काही दिसेना, म्हणून मी डोक्यावर ओढणी घेऊन जुन्या काळच्या स्टुडिओवाल्यासारखी आत डोकं खुपसून बघत होते. वरून ऊन असलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, त्यासाठी गणपतीच्या मखरातून उरलेला थर्माकोलचा तुकडा खालून धरला. दोन ज्युनियर तो आलटून पालटून धरत होते, कारण पाच मिनिटांच्या वर हात वर राहत नव्हता.

पहिली शंभर-एक छायाचित्रं टाकाऊ. सगळे पोज देत होते. मग कंटाळा आला, तहान लागली, पोज द्यायची ताकद संपली. गायिका शेडच्या सावलीच्या कडेला उभी राहिली, अर्धी उन्हात, डोळे बारीक करून. ड्रमर स्नेअर उलटा करून त्यावर बसला. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं, आणि तरी चौघं एका कामावर आल्यासारखे दिसत होते. तो फोटो आमच्या क्लबच्या बोर्डावर आहे, लॅबच्या कॉरिडॉरमध्ये, फायर एक्स्टिंग्विशरशेजारी. त्यात ती सावळीच आहे, कपाळावर घाम आहे आणि मला विचाराल तर जबरदस्त दिसते. पोस्टरसाठी तो फोटो का नको, याचं कमिटीचं उत्तर होतं, "त्यात वर्कशॉप दिसतंय." अरे, आपण इंजिनिअरिंगला आहोत! वर्कशॉप नाही तर काय आल्प्स दिसणार?

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर रेक्टर मॅडम म्हणतील ही पोरगी सगळ्यांना उन्हात आणि पाण्यात ढकलायला निघालीय. त्रास वेगळा आणि धोका वेगळा. आमच्याच क्लबातले काही वीर हे दोन्ही एकच समजतात. "उजनीच्या बॅकवॉटरला बोट घेऊ, मधोमध बँड उभा करू, कडक फोटो येईल!" २१ मे २०२४ ला याच बॅकवॉटरमध्ये कळाशी आणि कुगावदरम्यान जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती रोजच्या ये-जा करणारी माणसं होती, फोटो काढायला गेलेली नव्हती. तिथे आपण चार गिटारी आणि एक ट्रायपॉड घेऊन बोटीत उभे राहणार? वर सुकलेला दिसणारा गाळही तसाच फसवा, वरून टणक, खाली पाय मांडीपर्यंत आत. थंडीत कोट काढून वीस मिनिटं उभं राहणं हा त्रास आहे. नको झालं की कोट घालून बसमध्ये बसता येतं. जिथून असं मागे फिरता येत नाही तिथे बँड नेऊ नये, फोटो कितीही कडक येवो. ज्या क्लबमेंबरला हे पटत नाही त्याने पक्ष्यांचे फोटो काढावेत. फ्लेमिंगो लांबूनच दिसतात.

पण धोका नको म्हणून सगळंच बंद, हेही मला पटत नाही. सध्या नियम असा की कॉलेजच्या गेटबाहेर कुठलंही शूट नाही. का, तर मागे एका सहलीत कुणाचा तरी पाय मुरगळला होता. आणि लेडीज हॉस्टेलचा हिशोब तर वेगळाच. आमचं गेट सकाळी साडेसहाला उघडतं, संध्याकाळी साडेसातला बंद. एप्रिलअखेर इथे सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि सातच्या थोडा आधी मावळतो. बॅकवॉटर इथून तासाभरावर. म्हणजे सकाळी पोचेपर्यंत ऊन पांढरं झालेलं असतं, आणि संध्याकाळी खरा उजेड सुरू व्हायच्या आत सामान भरून निघावं लागतं. बॉईज हॉस्टेलला असली अडचण नाही, त्यांची भिंत सगळ्यांना माहीत आहे. परिणाम काय, क्लबमध्ये मुली सात आणि मुलं पाच, तरी पहाटेचे आणि संध्याकाळचे सगळे फोटो मुलांचे. आमच्या वाट्याला दुपार. मी दुपारीही फोटो काढते, वर सांगितलंच. पण ते माझ्या निवडीने असतं तर जास्त आवडलं असतं.

मॅडम, मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये. (थोडी आहे.) क्लबतर्फे दिलेल्या अर्जात सगळं लिहिलंय. शेवटची ओरल झाल्यानंतरचा शनिवार, आणि त्या दिवशी आभाळ आलं किंवा वारा सुटला तर पुढचा शनिवार राखीव. एक सर आणि एक मॅडम सोबत. कॉलेजची बस. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ, जे एरवी उजनीच्या पाण्यात बुडालेलं असतं, ते पाणी ओसरून उघडं पडलं असेल तर तिथे, आणि वाट कोरडी असेल तरच. गावातल्या कुणाला तरी आधी विचारूनच. नसेल तर सरळ वर्कशॉपची गच्ची. बोट नाही. पाण्याच्या कडेला जाणं नाही. मुलींना त्या एका दिवशी पहाटे पाचला गेट उघडून मिळावं, एवढीच खास सवलत.

बँड तयार आहे. ड्रमरने विचारलं, एवढ्या लांब सगळा सेट न्यायचा का? नाही, फक्त स्नेअर आण. बासिस्टने विचारलं, जॅकेट आणू का? आण बाबा, बसमध्ये ठेवू. गायिकेने काही विचारलं नाही, फक्त तारीख लिहून घेतली.

थर्माकोल धरायला दोघं कमी आहेत. फर्स्ट इयरपैकी ज्यांचे हात पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ वर राहतात त्यांनी क्लबच्या बोर्डावर नाव लिहावं. पाण्याच्या बाटल्या आपापल्या.